बाईंच्या घरावर कौलं नव्हती

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाद नको. बाईंच्या घरावर कौलं नव्हती. धाबं होतं. लाकडी सरांवर, म्हणजे तुळयांवर, फळ्या, फळ्यांवर माती, आणि दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर त्या मातीवर पांढऱ्या खाऱ्या मातीचा एक नवा थर. आमच्या खानदेशात गावंच्या गावं असल्या सपाट छपरांखाली जन्मली आणि म्हातारी झाली. त्यामुळे ही गोष्ट कुणाला पटवून द्यावी लागेल असं मला कधी वाटलंच नव्हतं. माझं सगळं आयुष्य ती पटवण्यात गेलं.

बाई म्हणजे मुलांसाठी लिहिणाऱ्या त्या बाई. ज्यांना कळायचं त्यांना कळलं असेल. या लिखाणात मी कुणाचंच नाव घालणार नाही. नावांचा मला सध्या वीट आला आहे, आणि तो का आला हे शेवटाला येईलच.

बाईंची सहा पुस्तकं. वडील पारोळ्याहून बैलगाडीत बायकोमुली घालून सातपुड्याच्या पायथ्याशी राहायला गेले, जिथे शेतं संपतात आणि जंगल सुरू होतं, अशा ठिकाणी. झाडझाडोरा काढून जमीन करायची होती. त्या मुलीचं तिथलं बालपण म्हणजे ही सहा पुस्तकं. विहिरीपाशी उमटलेले वाघाचे पंजे, पहिलं पीक रानडुकरांनी खाल्लं तो दिवस, तापानं फणफणलेल्या धाकट्या बहिणीला शेजारणीनं दिलेला मोहाचा काढा. जळगाव-धुळ्याच्या दोन पिढ्या ही पुस्तकं डोक्याशी घेऊन झोपल्या. मीही झोपले. जळगावात मेहरूणला आमच्या घरी पहिल्या पुस्तकाचं कव्हर फाटून गेलं होतं, तरी मुखपृष्ठावरचं चित्र मला पाठ होतं. उतरतं लाल कौलारू घर, मागे निळे डोंगर आणि कौलांच्या अगदी माथ्यावर पाय सोडून बसलेली परकरातली मुलगी.

हे चित्र काढणारा माणूस पुण्याचा. त्यानं आमचा मुलूख कधी पाहिलेला नव्हता. खेड्यातलं घर म्हटलं की त्याच्या हाताला कौलंच यायची. त्याच्यावर माझा राग नाही. राग आमच्या लोकांवर आहे. सगळे धाब्याखाली वाढलेले, आणि एकालाही ते चित्र बघून काही खटकलं नाही.

मलाही खटकलं नव्हतं. कॉलेजात इतिहास शिकवायला लागल्यावर एका उन्हाळ्यात मी दुसरं पुस्तक पुन्हा काढलं. त्यात घरावर मिरच्या वाळत घालण्याचं प्रकरण आहे. आई आणि मुली वर चढतात, लुगडी पसरतात, मिरच्या ओततात, आणि रात्री तिथेच अंथरुणं टाकून झोपतात. मी ते आईला वाचून दाखवत होते. आई गच्चीवर कुरडया घालत होती. ती म्हणाली, ‘‘त्या चित्रातल्या छपरावर मिरच्या ओतल्या, तर शेजाऱ्याच्या अंगणात वेचाव्या लागतील.’’ आणि हसून पुढची कुरडई घातली. मी मात्र पुस्तक मिटलं, आणि माझ्या संशोधनाचा विषय त्या दिवशी ठरला.

विषय ऐकून विभागप्रमुखांनी चष्मा काढला. इतिहासाच्या माणसानं किल्ले करावेत, संस्थानं करावीत, फार झालं तर सत्याग्रह करावेत. मुलांच्या गोष्टी? सहकारी तर चेकाळलेच. ‘‘मॅडम अजून दुसरीतच आहेत,’’ हा स्टाफरूममधला विनोद माझ्या निवृत्तीच्या समारंभातसुद्धा सांगितला गेला आणि त्यावर टाळ्या पडल्या. मी जंगल साफ करून वसलेल्या गावांचा इतिहास शोधत होते. त्यासाठी बाईंच्या पुस्तकांइतकं चांगलं साधन दुसरं नव्हतं. हे मी सांगायची, आणि लोक चहा मागवायचे.

बाई तेव्हा हयात होत्या. धुळ्यात पुतण्याकडे राहायच्या. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी मला लाडू दिला, गालाला हात लावला, मी नंदुरबारची का जळगावची ते विचारलं. पुढे मी जातच राहिले. त्या बोलायच्या, मी टिपून घ्यायची. विहीर कुठे, गोठा कुठे, वडिलांची खाट कुठे असायची, सगळं त्यांना आठवत होतं. मग एकदा मी छपराचं विचारलं.

‘‘लाल कौलं होती गं,’’ बाई म्हणाल्या. ‘‘पावसात काय वाजायची!’’

मला वाटलं, गंमत करतायत. मी त्यांना त्यांचंच मिरच्यांचं प्रकरण वाचून दाखवलं. त्या ऐकत होत्या, मान डोलावत होत्या, आणि शेवटी म्हणाल्या, ‘‘हो, मग? कौलांवर घालायचो.’’ मी म्हटलं, ‘‘बाई, उतरत्या कौलांवर मिरच्या राहतील कशा? माणसं झोपतील कशी?’’ मी जरा जास्तच नेटानं बोलले असेन. इतकी वर्षं तेच मुखपृष्ठ पाहून, त्यावर सह्या करून, त्यांच्या डोक्यातल्या घरावर कौलं चढली होती. त्यांचा चेहरा उतरला आणि मग लाल झाला. ‘‘माझं घर मला शिकवतेस?’’ त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. त्यानंतर पुतण्या दारातच सांगायचा की बाईंना बरं नाही. पुढे बाई गेल्या. मी अंत्यदर्शनाला गेले तर त्यानं मला ओळखही दाखवली नाही.

ज्या माणसावर जन्मभर जीव लावला, त्याच्याच विरुद्ध त्याचं घर शाबीत करायची वेळ माझ्यावर आली. मी खोटी ठरले असते तरी चाललं असतं. पण त्या मुलीनं जे डोळ्यांनी पाहिलं आणि लिहिलं, ते खोटं ठरत होतं, आणि ते मला सोसेना. म्हणून मला ते घर हवं होतं.

पायथ्याचं ते गाव बाईंनी नावानिशी लिहिलेलं आहे, त्यामुळे गाव शोधायला कष्ट पडले नाहीत. घर सापडायला मात्र दोन उन्हाळे गेले. पहिल्या पुस्तकात मुलगी संध्याकाळी घरावर उभी राहून वणवा बघते. समोर डोंगराच्या दोन सोंडा, मधे खिंड, आणि खिंडीच्या बरोबर खाली गावविहिरीचं थारोळं, म्हणजे विहिरीपाशी साचलेलं पाणी. मी गावातल्या एकेका जुन्या घराच्या शिडीवरून वर चढत गेले. बायका खाली उभ्या राहून तोंडाला पदर लावून हसत. कुठे खिंड दिसायची तर विहीर झाकली जायची, कुठे विहीर दिसायची तर खिंड डावीकडे सरकायची. शेवटी एका घरावर उभी राहिले, आणि सगळं पुस्तकातल्यासारखं समोर आलं. सोंडा, खिंड, खाली थारोळं. मी तिथेच बसकण मारली आणि रडले. म्हाताऱ्यांना विचारलं तर तेही म्हणाले, हे पारोळेकराचंच घर, ते लोक गेले तेव्हा विकलं त्यांनी.

घरात एक अक्का राहायच्या. त्यांच्या सासऱ्यानं ते विकत घेतलेलं. नवरा वारलेला, मुलगा सुरतेला मजुरीला, अक्का एकट्या कोरडवाहू तुकडा कसून राहायच्या. मी बाईंबद्दल सांगितलं, पुस्तक दाखवलं. त्यांनी मुखपृष्ठ लांब धरून पाहिलं.

‘‘हाई घर आमनं नही शे,’’ अक्का म्हणाल्या. ‘‘आमना घरवर माटी शे.’’

मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. इतक्या वर्षांत मला पटलेलं वाक्य बोलणारं ते एकच माणूस.

मग मी दरवर्षी पावसाळ्याआधी जायची. अक्का आणि शेजारणी पाट्या भरभरून पांढरी माती वर चढवायच्या, पसरायच्या, बडवायच्या. एका कडेला छपराची माती थोडी ढासळली होती. तिथे थरांवर थर दिसायचे, वर पांढरे, खाली गेलं की करडे, अगदी तळाशी तांबूस. प्रत्येक पावसाळ्याचा एक थर, म्हणजे थर मोजले की छपराचं वय कळणार. तळाशी जी माती होती, ती बाईंच्या आईनं टाकलेली असणार. तो उभा छेद नीट काढून, अभ्यासून, फोटो घेऊन छापायचा, एवढंच माझ्या कामातलं उरलं होतं. पण भर पावसाळ्याच्या तोंडावर एकट्या बाईचं छप्पर कापा असं कोणत्या तोंडानं सांगणार? म्हणून मी थांबले होते. जवळच दुसरी पक्की खोली झाली की मग छेद काढायचा, असं अक्कांचं आणि माझं ठरलं होतं.

अशात धुळ्याहून शेठजींचा फोन आला.

शेठजी कापडाचे व्यापारी. त्यांच्याबद्दल वाईट लिहायला मला आवडलं असतं, पण तसा माणूस नव्हता तो. बाईंचं स्मारक व्हावं म्हणून पदरचे पैसे घालायला निघाला होता. मला सल्लागार म्हणून बोलावलं. दुकानाच्या माडीवर समितीची बैठक. गाद्या, तक्के, कचोरी, चहा. मी फोटो घेऊन गेले, नकाशा घेऊन गेले, मिरच्यांच्या प्रकरणाची झेरॉक्स घेऊन गेले. आर्किटेक्टनं आपलं चित्र उलगडलं. उतरती लाल कौलं.

मी बोलायला सुरुवात केली ती थांबलेच नाही. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. मग शेठजी म्हणाले, ‘‘मॅडम, तुमचं शंभर टक्के बरोबर असेल. पण माझी आई मला हेच चित्र दाखवून जेवू घालायची. मुलं येतील तेव्हा त्यांना हेच घर पाहिजे.’’ बोलताना त्यांचे डोळे भरून आले होते. मी फोटो पिशवीत घातले. आईच्या घासापुढे इतिहासाच्या बाईनं काय बोलावं?

तरीही मी भांडले. शेवटी तोड निघाली, म्हणजे मला तसं वाटलं. कौलारू घर शेजारच्या मोकळ्या जागेत बांधायचं, त्याला ‘पुस्तकातलं घर’ म्हणायचं. मागचं खरं घर जसंच्या तसं राखायचं, दारात पाटी लावायची. अक्कांना त्याच्या बदल्यात पक्की खोली. आणि खऱ्या घराला हात लावायच्या आधी मला बोलवायचं. शेठजी हात जोडून म्हणाले, ‘‘तुमच्या शब्दाबाहेर नाही, मॅडम.’’ परतीच्या एसटीत पारोळ्याचा किल्ला मागे पडला तेव्हा मी खिडकीला डोकं टेकवून हसत होते. बाईंची बैलगाडी इथूनच निघाली होती, आणि आज ती घरी पोचली, असं काहीतरी येड्यासारखं माझ्या मनात आलं.

अक्षय तृतीया आली. आमच्याकडे तिला आखाजी म्हणतात. या दिवसांत सासुरवाशिणी माहेरी जातात, झाडांना झोके बांधतात, गाणी म्हणतात. म्हाताऱ्यासुद्धा जातात. अक्काही भावाकडे गेल्या होत्या. त्यांची पक्की खोली नुकतीच झाली होती, आणि त्या परत आल्या की छेद काढायचा होता. मी घरी पुरणाचा घाट घातला होता, आणि मोबाइलवर समितीच्या ग्रुपवर एक फोटो आला. सपाट केलेली जमीन, त्यावर चुन्याच्या रेघा, कोपऱ्यात फोडलेला नारळ. खाली लिहिलेलं, ‘आखाजीच्या मुहूर्तावर शुभारंभ.’ फोटोच्या मागे डोंगराच्या दोन सोंडा होत्या आणि मधे खिंड. विहीर तेवढी दिसत होती. घर नव्हतं.

पुरण तसंच टाकून मी निघाले. चोपड्यापर्यंत एसटी, पुढे काळीपिवळी. गावात पोचले तर जेसीबी सावलीला उभा होता आणि समितीचे सचिव छत्री धरून होते. मी विचारलं, घर कुठाय? ते म्हणाले, ‘‘मॅडम, शाळांच्या बसेस कुठे लावणार? आणि खरं सांगू का, दोन घरं ठेवली असती तर लोकांनी विचारलं असतं, खरं कुठलं. उगाच मुलांचा गोंधळ.’’

त्यांनी हे अगदी सरळपणे सांगितलं. मी विचारलं, छपराची माती कुठे टाकली? तेवढीच मला हवी होती. चार ढेकळं मिळाली तरी तळाचा थर ओळखता आला असता.

‘‘ती वाया नाही घालवली,’’ सचिव कौतुकानं म्हणाले. ‘‘चांगली चिकट माती. नव्या घराच्या जोत्यात भराव घातला.’’

चुन्याच्या रेघांच्या आत जोत्याचा भराव पडला होता. त्यात पांढरी, करडी, तांबूस माती एकमेकींत कालवली गेली होती आणि वरून रोलर फिरला होता. मी वाकून एक ढेकूळ उचललं. बोटांत त्याचा भुगा झाला. बाईंची आई कुठली आणि अक्कांची सासू कुठली, आता काही सांगता येत नव्हतं. मी सचिवांना तोंडाला येईल ते बोलले. ते छत्री मिटून ऐकत राहिले, आणि मग म्हणाले, ‘‘मॅडम, पाणी प्या.’’

अक्का दोन दिवसांनी आल्या, तेव्हा मी पुन्हा गेले. वाटलं, निदान त्या माझ्याबरोबर रडतील. त्या नव्या खोलीच्या दारात बसून तांदूळ निवडत होत्या. वर नवा पत्रा.

‘‘अक्का, घर गेलं,’’ मी म्हटलं.

‘‘गया तं गया,’’ अक्का म्हणाल्या. ‘‘दरसाल माटी चढाई चढाई मन्ही कंबर गई. आते पत्रा शे, पानी गयत नही. तुम्ही कसाले रडतस? बसा, च्या ठेवस.’’

मला त्यांचा राग आला. माझ्यासारख्या गच्चीवाल्या बाईनं त्यांच्यावर रागवावं असं त्यात काही नव्हतं. दरवर्षी मी फोटो काढत होते आणि त्या पाट्या उचलत होत्या. तरी राग आला आणि अजून पुरता गेलेला नाही. मी चहा न घेता उठले.

उद्‌घाटनाला मी जाणार नव्हते. गेले, कारण माझ्यावाचून तिथे काय होतंय या विचारानं मला घरी बसवेना. मांडव, लाउडस्पीकर, फेटे, शाळांच्या गाड्या. घर अगदी चित्रातल्यासारखं झालं होतं, हे मान्य करते. कौलांच्या माथ्यावर परकरातल्या मुलीचा पुतळा पाय सोडून बसवला होता. आणि कौलांवर मिरच्या होत्या. माझ्या झेरॉक्सचा एवढा उपयोग समितीनं केला होता. पुस्तकात घरावर मिरच्या आहेत, तर घरावर मिरच्या पाहिजेत. त्या घसरू नयेत म्हणून एकेक मिरची डिंकानं चिकटवली होती. मुलं खालून बोट दाखवून आनंदानं ओरडत होती. आया मोबाइल वर धरून फोटो काढत होत्या. शेठजी एका खांबाला टेकून लहान मुलासारखे रडत होते. तिथे दुःखी अशी मी एकटीच.

मग कुणीतरी माझा हात धरून मला दाराशी नेलं आणि पडदा सरकवला. काळा संगमरवर, सोनेरी अक्षरं. देणगीदार, समिती, वास्तुरचनाकार. आणि सगळ्यांच्या वर, ठळक, ‘ऐतिहासिक संशोधन व मार्गदर्शन’, त्याखाली माझं नाव. डॉक्टरेटसकट.

मी शेठजींना गाठलं. म्हटलं, ते नाव काढा. त्यांना खरंच कळेना. ‘‘मॅडम, तुम्ही जागा दाखवली नसती तर हे उभंच राहिलं नसतं,’’ ते म्हणाले. तेवढं मात्र खरं होतं. मी पुन्हा म्हटलं, काढा. तेव्हा ते दुखावले. दगडात कोरलेलं नाव, ते काढणार कसं, अख्खी पाटी फोडावी लागेल, आणि लोक काय म्हणतील. मग मी पत्रं लिहिली, दोनदा, तीनदा. उत्तरादाखल दिवाळीला सुका मेवा आला.

गेल्या महिन्यात नाशिकहून एका मुलीचा फोन आला. पीएच.डी. करते आहे, विषय बाईंचं बालपण. आवाजात तीच घाई, तोच जीव, माझ्याकडे होता तसा. मला बरं वाटलं. तिनं सांगितलं, घराचं प्रकरण लिहून झालंय, मॅडम, संदर्भ तुमचाच दिलाय. कौलारू घर.

मी म्हटलं, कौलारू नव्हतं. धाबं होतं.

ती गोंधळली. मी मिरच्यांचं सांगितलं, वणव्याचं सांगितलं, खिंडीचं आणि विहिरीचं सांगितलं. तिनं सगळं मन लावून ऐकलं. मुलगी हुशार होती. मग अदबीनं म्हणाली, ‘‘पण मॅडम, मुलाखतींत बाई स्वतः कौलं म्हणतात. चित्र बाईंनी मान्य केलेलं. गावात त्याच जागेवर घर उभं आहे, आणि पाटीवर तुमचं नाव आहे.’’

मी म्हटलं, माझ्याकडे धाब्याच्या घराचे फोटो आहेत. ती म्हणाली, ‘‘ते बाईंचंच घर, हे कशावरून?’’ मी म्हटलं, त्याच्यावर उभं राहिलं की खिंड आणि विहीर एका रेषेत दिसायची. कौलांवर चढून ते बघायची सोय नाही, हे तिच्याही लक्षात आलं असणार. तिनं विचारलेला एकेक प्रश्न बरोबर होता. मी तिची गाईड असते तर मीही तिला हेच विचारायला शिकवलं असतं, आणि तिचं प्रकरण सही करून पुढे पाठवलं असतं.

‘‘मग दुसरा काही पुरावा, मॅडम?’’ तिनं विचारलं.

‘‘आहे,’’ मी म्हटलं. ‘‘त्याच घराच्या फरशीखाली.’’

ती म्हणाली, ‘‘पण फरशी तर आता उकरता यायची नाही ना?’’

‘‘नाही,’’ मी म्हटलं, आणि फोन ठेवला.